ढोके सरांची डावी बाजू

दिग्रसच्या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिले काही दिवस माझी ठाम समजूत होती की इथे पीटीचे दोन सर आहेत. एक उंच, काटकुळे, गालफडं बसलेले. दुसरे तितकेच उंच, पण चेहरा चांगला फुगलेला, एक डोळा साफ मिटलेला आणि खालचा ओठ एका अंगाला लोंबता. दोघांच्याही पायात खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. दोघं कधी एकत्र दिसत नसत, पण त्यांनी तास वाटून घेतले असतील असं मी मनाशी धरून चालले. शेवटी एका मधल्या सुट्टीत मी सहज विचारलं, की ते दुसरे जाडे सर रजेवर आहेत का. स्टाफरूममध्ये सगळे असे हसले की शिपाई डोकावून गेला. काटकुळ्या सरांनी चहा बशीत ओतला, शांतपणे पिऊन घेतला आणि म्हणाले, "मॅडम, तो बी मीच. परवा पाहुणी आलती घरी."

पाहुणी म्हणजे सूज. मनोहर ढोके सरांच्या घराण्यात हा शब्द आजोबांपासून चालत आला होता. ही पाहुणी न कळवता यायची, दोन-तीन दिवस राहायची आणि आली तशी निघून जायची. कधी हातावर, कधी पायावर, कधी पोटात, आणि सरांच्या बाबतीत बहुतेकदा डोळ्यांवर. खाज नाही, अंगावर गांधी नाहीत, ताप नाही, नुसती सूज. पोटात उतरली की मात्र माणूस गडाबडा लोळायचा आणि उलट्या करून अर्धमेला व्हायचा. सरांच्या वडिलांना होती, आत्याला होती. आत्याची दाढ काढली होती, रात्रीतून गळा सुजला आणि सकाळपर्यंत ती गेली. म्हणून सर दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीतूनसुद्धा सायकल न्यायचे नाहीत. एक किडलेली दाढ त्यांनी कित्येक वर्षं लवंगेवर सांभाळली होती.

आम्हाला घर मिळालं तेही सरांच्या शेजारचं, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या ओळीत, मधे एकच भिंत. हंगामात रुईचे तंतू उडून दोन्ही घरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत. त्यामुळे सुजेचा दोष आधी रुईवर आला. मग शेंगदाण्यांवर आला. मग एका साडूने घराचं दार चुकीच्या दिशेला असल्याचा शोध लावला, तो सरांनी हसण्यावारी नेला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून दाराची दिशा काय बदलायची, म्हणाले. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी ती ॲलर्जी ठरवली, वांगी बंद केली आणि सूज आली की घ्यायला एक बारीक पांढरी गोळी दिली. वऱ्हाडातल्या माणसाची वांगी बंद करणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. हिवाळ्यात शेजारी कुठे भरीत भाजायला लागलं की सर सायकल काढून गावाबाहेर फिरायला जात. गोळीनेही काही होत नसे. घेतली तरी पाहुणी आपल्या वेळेला जायची आणि नाही घेतली तरी तेव्हाच जायची, पण डॉक्टरांनी दिली आहे तर त्यांचा मान राहावा म्हणून सर ती घेत राहिले.

आता कबड्डीबद्दल सांगायला हवं, आणि इथे माझी पंचाईत आहे, कारण तो खेळ मला कधीच समजला नाही. आमच्या माहेरी सगळे कचेरीत काम करणारे. खेळ म्हणजे पत्ते, तेही उन्हाळ्यात. एक माणूस श्वास रोखून दुसऱ्यांच्या अंगणात जातो, चिमटे काढून पळून येतो, आणि मग सगळे मिळून भांडतात, इतकंच मला दिसायचं. सरांना मात्र त्यात सगळं जग दिसायचं. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळायचे, पण जिथे मार बसेल तिथे दुसऱ्या दिवशी पाहुणी हजर. एकदा पंजा इतका सुजला की त्यांना आठवडाभर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भरवलं. तेव्हा खेळ सोडला आणि शिट्टी धरली. आमच्या भागात हिवाळ्यात गावोगाव सामने होतात आणि सामना म्हटला की वाद आलाच. पण ढोके सर पंच आहेत म्हटल्यावर लोक काठ्या घरी ठेवून येत, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या भर सामन्यात अध्यक्षांसमोर बाद दिला तो यांनीच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. परत आल्यावर काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, अध्यक्षांना नियम समजावून सांगितला, त्यांना बऱ्यापैकी समजला.

एक डोळा सुजलेला असला तरी ते सामना सोडायचे नाहीत. दोन बोटांनी पापणी वर उचलून धरायची आणि मैदानाच्या कडेने पळायचं. नवे खेळाडू ते रूप पाहूनच निम्मे गारठत. बाहेर इतके गमतीशीर असलेले सर शिट्टी तोंडात असली की वेगळेच कोणी वाटायचे. ना कोणाशी ओळख, ना कोणाचं नातं. वहिनी म्हणायच्या, की यांना घरातलं मीठ कुठल्या डब्यात आहे ते दिसत नाही, पण कोणाच्या बोटाला कोणाचं बोट लागलं ते तिकडून दिसतं.

सरांचा सगळ्यात नाठाळ विद्यार्थी गजू. नववीत शाळा सोडून जिनिंगमध्ये गाठी उचलायच्या कामाला लागला होता. खांदे असे की दारातून तिरका यायचा. खेळायला वाघ आणि लबाडीत त्याहून वरचढ. हात लागून बाद झाला तरी मैदानातच उभा राहायचा, आईची शपथ घ्यायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. दुसरे पंच त्याच्या पाण्याला भुलत. सर काही बोलत नसत, नुसते त्याच्याकडे बघत राहायचे, आणि थोड्या वेळाने गजू मान खाली घालून बाहेर जायचा. त्या बघण्याचीच त्याला भीती होती, असं तो मला स्वतः सांगायचा. सरांच्या डोळ्यांवर असं आमच्या अर्ध्या तालुक्याचं चाललं होतं.

आणि तेच डोळे एका वर्षी धोक्यात आले. ती कापसाची वाईट वर्षं होती. राळेगावकडच्या एका खेड्यात सामने होते, सर पंच म्हणून गेले होते. संध्याकाळच्या सामन्यात कोणाचं तरी कोपर त्यांच्या गालावर बसलं. सर ओळखून होते. सकाळी उजाडताच सामने भरवणाऱ्यांचा निरोप घेऊन ते एसटीच्या फाट्याकडे पायी निघाले, की पाहुणी पुरती यायच्या आत घर गाठावं. पण वाटेतच तिने गाठलं. चेहरा भरला, दोन्ही डोळे मिटले, ओठ इतके सुजले की शब्द फुटेना, आणि त्यावर पोटात कळा. चाचपडत ते एका शेतातल्या झोपडीत शिरले आणि तिथे आडवे होऊन उलट्या करत राहिले. त्या झोपडीत फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पडलेला होता.

थोड्या वेळाने वेचणीच्या बाया आल्या. त्यांनी काय पाहिलं? चेहरा ओळखू न येणारा माणूस, उलट्या आणि शेजारी औषधाचा डबा. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात असं दृश्य पाहून कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे. बायांनी हंबरडा फोडला, माणसं धावली, कोणाची तरी जीप आली आणि सरांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्या डॉक्टरांना मी आजही बोल लावत नाही. त्यांच्याकडे रोज अशी माणसं येत होती. आलेल्याला वाचवायचं तर चौकशीत वेळ घालवून चालत नव्हतं. सरांना नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसता आवाज निघत होता, आणि विष घेतलेला माणूस नाहीच म्हणतो हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नाकातून नळी घालून पोट धुतलं. विषावर उतारा म्हणून देतात ती इंजेक्शनं एकामागून एक दिली. गळ्याला सूज आली नाही, हे नशीब.

पुढचा भाग सर फार रंगवून सांगायचे. दुपारी म्हणे पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी दोन वार्ताहरांना घेऊन आले. डोळे मिटलेले असल्यामुळे सरांना फक्त अत्तराचा वास आला. पुढाऱ्यांनी हात हातात घेतला, धीर सोडू नका म्हणाले, किती एकर आहे विचारलं. सरांकडे आयुष्यात कुंडीपलीकडे जमीन नव्हती. त्यांनी हाताने नाही नाही केलं, त्याचा अर्थ पुढाऱ्यांनी भूमिहीन असा घेतला आणि त्यांना आणखीच गहिवर आला. तेवढ्यात पुन्हा नळी घालायची तयारी सुरू झाली. सरांना काही सुचेना. त्यांनी एका हाताचा पंजा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवली. कबड्डीच्या पंचाची टाइम आउटची खूण ती. वॉर्डातला एक कामगार कधीकाळी खेळलेला होता. त्याने ती खूण पाहिली, गळ्यातली शिट्टी पाहिली आणि ओरडला, "अरे, थांबा न बाप्पा. हे तर दिग्रसचे ढोके सर होय."

इथपर्यंत सगळे पोट धरून हसत. पुढे सर गप्प व्हायचे. शेजारच्या खाटेवर त्याच दिवशी आणलेला एक माणूस होता, खरोखरच औषध घेतलेला. सरांना तो दिसला नाही, फक्त त्याच्या बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. ती त्याला लेकराचं नाव घेऊन उठवत होती. तो संध्याकाळी गेला. सरांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली आणि सांगताना ते रडले.

निरोप आल्यावर वहिनी आणि माझे यजमान जाऊन त्यांना घेऊन आले. सूज दोन दिवसांत उतरली, पण डावा डोळा काही ठीक होईना. लालभडक, डोकं फुटेल असं दुखणं, आणि दिव्याकडे पाहिलं की भोवती रंगीत कडं. सर म्हणत, पाहुणी या वेळी जरा जास्त मुक्काम करते आहे. यजमानांनी त्यांचं काही न ऐकता नागपूरला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या. डोळा तपासून झाल्यावर त्यांनी, आजवर कोणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला: अशी सूज घरात आणखी कोणाला येते का? सर आत्यापासून सुरू झाले. बाई लिहायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी रक्त तपासायला दूर पाठवलं, आणि महिन्याभराने पाहुणीचं खरं नाव कळलं. रक्तातच एक घटक कमी असतो, तो बापाकडून किंवा आईकडून पोराला येतो. ही ॲलर्जी नव्हेच, त्यामुळे ॲलर्जीची गोळी तिच्यावर चालत नाही. उलट वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्यातला दाब वाढवते. सरांच्या डोळ्यातून पाणी वाहून जायची वाट मुळातच चिंचोळी, सुजेने ती आणखी दाबली जायची, आणि विषावरच्या त्या इंजेक्शनांनी बाहुली मोठी झाल्यावर ती बंदच पडली. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. उजवा डोळा लेझरने वाचवला, पण त्याचीही कडेची नजर कमी झालेली होती. समोरचं स्वच्छ दिसेल, बाईंनी सांगितलं, डावीकडचं दिसणार नाही, रस्ता ओलांडताना मान वळवत जा.

नागपूरहून परत आल्यावर सरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाजारातून पिशवीभर वांगी आणली. वहिनींनी भरीत केलं, आम्हाला बोलावलं, आणि सर जेवताना एक शब्द बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, की डोळा गेला त्याचा राग नाही, पण वांगी फुकट सोडली याचा राग मरेपर्यंत जाणार नाही. पाहुणीसाठी त्यांना ज्या कॅप्सूल मिळाल्या त्या एरवी बायकांच्या दुखण्यावर देतात. औषधाच्या दुकानातला माणूस दर महिन्याला अदबीने विचारायचा, वहिनींची तब्येत कशी आहे. सर सांगायचे, की वहिनी मजेत आहेत, माझीच पाळी चुकते आहे. वहिनी यावर लटक्या रागाने आत निघून जात.

त्यांची मुलगी प्रज्ञा तेव्हा बारा वर्षांची असेल. पुढच्याच पावसाळ्यात एका सकाळी ती उठली ती एक पापणी सुजून. सर अंगणातल्या खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आपल्या घरातून हेच द्यायचं होतं का पोरीला, म्हणत राहिले. पण प्रज्ञाच्या वाट्याला ना ती पांढरी गोळी आली, ना नळी. तिला पहिल्याच महिन्यात नागपूरच्या बाईंकडे नेलं, तिच्या डोळ्यांची वाट वेळेवर मोकळी केली. आज ती नोकरी करते, चष्मासुद्धा नाही. एवढं समाधान सरांना मिळालं, आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

राहिली शिट्टी. नजरेचं सरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं तेवढंच. पंचगिरी सोडा, असं वहिनी दबकत म्हणून पाहायच्या, पण जास्त बोलवत नसे. शिट्टी काढून ठेवली तर या माणसाचं काय राहील, ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती आणि सरांना सर्वांत जास्त होती. त्यांनी युक्ती काढली. मैदानाचा असा कोपरा धरून उभं राहायचं की सगळा खेळ उजवीकडे येईल, आणि खेळ फिरला की आपणही फिरायचं. दोन हंगाम ते असे खेळवत राहिले. वाद पूर्वीपेक्षाही कमी झाले. घरी येऊन सर हुरूपाने सांगायचे, "मॅडम, एका डोळ्यात एवढी जरब आहे. दोन असते तर पोरं मैदानातच आली नसती."

खरं काय ते मला गजूने सांगितलं. आमच्याकडे जिनिंगमधून सरकीचं पोतं आणून टाकायला आला होता, चहा पिता पिता बोलला. त्या राळेगावच्या प्रकारानंतर पहिल्याच सामन्यात त्याच्या लक्षात आलं होतं, की सरांच्या डावीकडे काय घडतं ते सरांना दिसत नाही. लबाड माणसालाच ते आधी कळायचं. त्याने सगळ्या संघांच्या पोरांना गोळा करून दम भरला होता, की सरांच्या डाव्या बाजूला हात लागला तर ज्याने त्याने आपला हात वर करायचा आणि बाहेर जायचं. सरांना विचारायची पाळीच येऊ द्यायची नाही. कोणी हात लागला म्हणून ओरडला, तरी वाद घालायचा नाही, निघायचं. तालुक्यातली सगळी नामांकित लबाड पोरं मैदानाच्या एका बाजूला दोन वर्षं खरं खेळत होती. गजू म्हणाला, सरांना सांगू नका मॅडम. मी म्हटलं, नाही सांगणार. तो गेल्यावर मला किती तरी वेळ काही काम सुचलं नाही.

आमच्याच शाळेच्या मैदानावर तो शेवटचा सामना झाला. दिग्रस विरुद्ध पांढरकवडा. पांढरकवड्याचा संघ नवा होता, ट्रकवर काम करणारी दणकट पोरं. त्यांनाही गजूने आधीच गाठून सगळं सांगून ठेवलं होतं. मी आणि वहिनी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. मध्यंतराच्या थोडं आधी पांढरकवड्याचा एक जण चढाई करत गजूच्या कोपऱ्यापर्यंत आला, झेप घेतली, हात लागला म्हणून ओरडला आणि परत पळाला. गजूने नेहमीसारखा हात वर केला आणि तो बाहेर निघाला. पण ती झेप पडली तेव्हाच सर चुन्याची रेघ पुसली का ते बघायला वळले होते, आणि गजू त्यांच्या अगदी समोर होता.

शिट्टी वाजली. सरांनी विचारलं, "तू काहून चालला?"

"हात लागला, सर."

"नाही लागला. वीतभर अंतर होतं. मी पाहून राह्यलो ना इथून."

 आईची शपथ घेऊन खोटं बोलणारा गजू, त्याला त्या दिवशी एक खोटं धड बोलता आलं नाही. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या संघाकडे, मग पांढरकवड्याच्या पोरांकडे. सगळे खाली बघत होते. सर फार हुशार माणूस. त्यांना सगळं एकदम कळलं, आणि कळताना त्यांचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मला पुन्हा कोणाचा बघायला नको.

"कवापासून चालू आहे हे?" त्यांनी विचारलं.  मग ते चिडले. इतक्या वर्षांत सरांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं मले खेळवलं तुम्ही, म्हणाले. दया केली माझ्यावर. पंचावर दया करतात का कुठं? आवाज फाटला होता. वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

गजू पुढे आला. एवढा मोठा गडी, पण हात मागे बांधून शाळेतल्यासारखा उभा राहिला.

"दया नाही, सर. तुम्ही गेले तर दुसरा पंच येईन. दुसऱ्यासमोर मी लबाडीच करीन, मले माहीत हाय ना. तुमच्यासमोरच जमते मले खरं खेळणं. म्हून ठेवलं तुम्हाले."

 सर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात टाकली. बक्षिसाचा कप देणारे व्यापारी टेबलावरून उठले, की दुसरा पंच बघावा लागेल का, कोणाला बोलवायचं. सरांनी त्यांना हाताने बसवलं आणि दोन्ही संघांना म्हणाले, की उरलेला सामना पंचाशिवाय होईल, ज्याचं त्याने बघायचं, कोणाला मंजूर नसेल त्याने आत्ताच सांगावं. दोन्ही संघ आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

वहिनींनी आपली खुर्ची दिली. सर माझ्या शेजारी येऊन बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. खेळ सुरू झाला. शिट्टी नाही, नुसता पायांचा आणि श्वासांचा आवाज. आम्ही बसलो होतो तिथून दिग्रसचा संघ सरांच्या डावीकडे आला होता. मान वळवली असती तर त्यांना दिसलं असतं, पण त्यांनी वळवली नाही. समोर बघतच मला विचारलं, "सांगा मॅडम, काय चालू आहे?"

मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, दिसतं ते सांगा.

"गजू बाहेर चालला आहे."

"कसा? हात वर करून, की तसाच?"

"हात वर करून," मी म्हणाले.